शेनँडोआवर एकट्याने कयाक फिशिंग: आधी होडी, मग गळ

नॉर्दर्न व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या आपल्या मंडळींना तळ्यावरच्या फिशिंगची सवय असते. तिथून नदीवर आले की ते तळ्याच्याच पद्धतीने वागतात: होडी सोडली, रॉड उचलला, गळ फेकला. तळ्यात हे चालून जातं, वाहत्या पाण्यात नाही. तुम्ही गळ फेकून रीळ गुंडाळेपर्यंत नदीने होडी वीस फूट पुढे नेलेली असते, चांगली जागा मागे पडते आणि खडक समोर येतो. सोबत कुणी असेल तर निदान हाक तरी मारता येते. एकट्याने जायचं असेल तर क्रम पक्का पाहिजे, म्हणून हा लेख.

इथे व्हर्जिनियातल्या साऊथ फोर्क शेनँडोआ नदीचा बेंटनव्हिल गावाच्या आसपासचा भाग धरला आहे. हंगाम जून ते सप्टेंबर, होडी दहा ते बारा फुटांची सिट-ऑन-टॉप (आत न शिरता वर बसायची) कयाक, आणि मासा स्मॉलमाउथ बास. पोहता येत नसेल तर नदीवर एकट्याने जाऊ नका, लाइफ जॅकेट असलं तरीही.

१. टप्पा ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ दिशेचा होतो. ही नदी उत्तरेकडे वाहते. नकाशात जे वर दिसतं ते नदीच्या खालच्या अंगाला असतं. लुरे वरच्या अंगाला, बेंटनव्हिल मध्ये, फ्रंट रॉयल खाली. घाईघाईत नकाशा बघून चढायची आणि उतरायची जागा उलटी लावणारे लोक खरोखर असतात.

दुसरी चूक लांबीची. कयाक भाड्याने देणारे जे तास सांगतात ते वल्हवत जाणाऱ्यांसाठी असतात. मासे पकडत जाणारा माणूस तासाला साधारण एक मैल सरकतो. ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की काही ठिकाणी खाली उतरून होडी ओढावी लागते, तो वेळ वेगळा. पहिल्यांदा जात असाल तर पाच-सहा मैलांच्या वर जाऊ नका. बेंटनव्हिल लँडिंगला सुरुवात करून शेनँडोआ रिव्हर स्टेट पार्कला बाहेर पडणं हा सुटसुटीत टप्पा आहे. नदी सवयीची झाल्यावर केरो लँडिंगपर्यंत जा. बेंटनव्हिलच्या वरच्या भागात कॉम्प्टन रॅपिड म्हणजे खडकांमधली खळखळती धार लागते, ती क्लास २ ची आहे (क्लासचा आकडा जितका मोठा, तितकी धार अवघड). एकट्याच्या पहिल्या दिवसासाठी तो भाग धरू नका.

दोन्ही काठ बऱ्याच ठिकाणी खाजगी आहेत. जेवायला किंवा सावलीला थांबायचं तर पाण्यातल्या खडीच्या पट्ट्यावर थांबा, कुणाच्या अंगणात नाही.

*तपासा:* बाहेर पडायची जागा आदल्या दिवशी किंवा जाताना प्रत्यक्ष बघा. रस्त्यावरून नव्हे, पाण्याजवळ उभं राहून. नदीतून येताना ती कशी दिसेल याची खूण डोक्यात ठेवा: पूल, सिकॅमोरचं मोठं झाड, काँक्रीटचा उतार. लँडिंग चुकलं तर प्रवाहाविरुद्ध परत वल्हवत येणं फार जड जातं.

२. गेज वाचा, तेही दोनदा

जायचं की नाही हे हवामानाच्या ॲपवर ठरवू नका, यूएसजीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या, गेजवर (नदीची पातळी आणि प्रवाह मोजणाऱ्या केंद्रावर) ठरवा. साऊथ फोर्कसाठी लुरेजवळचं आणि फ्रंट रॉयलचं अशी दोन गेज उपयोगाची आहेत. लुरेचं गेज तुमच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे तुमच्याकडे येणारं पाणी तिथे आधी दिसतं. फ्रंट रॉयलचं खाली आहे. बघताना नाव नीट वाचा. नॉर्थ फोर्क ही वेगळी नदी आहे आणि स्ट्रासबर्गचं गेज तिचं आहे.

गेजवरचे फूट म्हणजे पाण्याची खोली नव्हे. ते त्या जागच्या ठरलेल्या पातळीपासूनचं माप आहे. एका गेजवरचे तीन फूट आणि दुसऱ्यावरचे तीन फूट यांचा काही संबंध नाही. त्यामुळे आकड्यापेक्षा दोन गोष्टी बघा. आजचा प्रवाह त्या तारखेच्या नेहमीच्या प्रवाहाच्या मानाने कुठे आहे, हे साइट दाखवते. आणि आलेख चढतोय की उतरतोय.

आलेख चढत असेल तर जाऊ नका. इथे वाद घालण्यासारखं काही नाही. वेन्सबरो किंवा हॅरिसनबर्गकडे संध्याकाळी जोरदार पाऊस पडला तर बेंटनव्हिलला कोरडं ऊन असतानाही नंतर पाणी चढतं. उतरता किंवा सपाट आलेख आणि नेहमीच्या जवळपासचा प्रवाह, असा दिवस एकट्यासाठी योग्य.

आदल्या रात्री एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा बघा. आकडा वहीत लिहून ठेवा, कारण दोन-तीन फेऱ्यांनंतर तुमच्या होडीला आणि तुमच्या हाताला कुठला आकडा मानवतो हे तुमचं तुम्हालाच कळतं. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका.

*इशारा:* पाण्याचं तापमान ६० फॅरनहाइटच्या खाली असेल तर वेटसूट किंवा ड्रायसूटशिवाय एकट्याने जाऊ नका. एप्रिलमध्ये हवा छान उबदार असते आणि पाणी मात्र हातपाय बधिर करणारं असतं.

३. परवाना, नियम आणि मासा खाण्याचा प्रश्न

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येकाला व्हर्जिनियाचा गोड्या पाण्याचा फिशिंग परवाना लागतो. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या म्हणजे डीडब्ल्यूआरच्या ‘गो आउटडोअर्स व्हर्जिनिया’ या साइटवर तो मिळतो. मोटर नसलेल्या कयाकला नोंदणी लागत नाही. इलेक्ट्रिक मोटर बसवली की लागते. होडीत लाइफ जॅकेट असणं हा कायदा झाला. ते अंगात असणं हा या लेखाचा नियम समजा.

बासचे आकाराचे नियम नदीच्या भागाप्रमाणे बदलतात. डीडब्ल्यूआरच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत आपला भाग शोधून वाचा.

आता ज्याबद्दल आपल्याकडे सगळ्यात आधी विचारलं जातं ते. मासा घरी न्यायचा का? माझं मत स्पष्ट आहे, नेऊ नये. वेन्सबरोच्या कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात साऊथ रिव्हरमध्ये पारा गेला. साऊथ रिव्हरचं पाणी पोर्ट रिपब्लिकला साऊथ फोर्कमध्ये येतं. पारा अजूनही माशांच्या अंगात सापडतो आणि व्हर्जिनियाच्या आरोग्य खात्याने हे मासे खाण्याबाबत सूचना काढलेली आहे. गरोदर बाई आणि लहान मुलं असलेल्या घरात तर हा प्रश्न चर्चेलाही घेऊ नका. कालवणासाठी बाजारातून मासे आणा.

४. सामान: काय अंगावर, काय होडीत

यादी लांब करण्यापेक्षा विभागणी बरोबर करा. होडी उलटून निघून गेली तर तुमच्याकडे काय उरेल, हा प्रश्न स्वतःला विचारा. जे उरलं पाहिजे ते अंगावर.

अंगावर: घट्ट बांधलेलं लाइफ जॅकेट, त्याच्या खिशात शिट्टी, छोटा चाकू, वॉटरप्रूफ पिशवीत फोन आणि गाडीची किल्ली. या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून नेहमी एकटे जाणाऱ्यांनी इनरीचसारखं सॅटेलाइट मेसेंजर घ्यावं. खर्च वाटतो, पण तिसऱ्या रॉडपेक्षा तो कामाचा आहे. पायात पट्ट्याचे किंवा लेसचे बूट. चपला नदी काढून नेते.

होडीत, आणि बांधून: ड्रायबॅगमध्ये कोरडे कपडे, प्रथमोपचार, भरपूर पाणी, जेवण. एक जास्तीचं वल्हं.

रॉड दोन पुरेत, तीन म्हणजे कमाल. साडेसहा ते सात फुटांचे मीडियम स्पिनिंग रॉड, दहा पाउंडाचा ब्रेड म्हणजे विणलेला दोर, आणि पुढे गळाच्या बाजूला पाच-सहा फूट आठ पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा दोर. लीडर लावायचाच, कारण उन्हाळ्यात हे पाणी स्वच्छ असतं. आमिषांचा एक छोटा डबा. पाच डबे नेणारा माणूस दिवसभर डबेच उघडत बसतो.

ट्रेबल म्हणजे तीन टोकांच्या हुकांच्या जागी एकेरी हुक लावा आणि सगळ्या गळांच्या टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. एकट्या माणसाच्या हातात ट्रेबल हुक रुतला आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला जिवंत मासा उसळतोय, ही अवस्था सोडवायला दुसरा हात मोकळा नसतो.

*इशारा:* वल्ह्याला किंवा रॉडला लांब दोऱ्या बांधून नदीत जाऊ नका. तळ्यात त्या सोयीच्या असतात. वाहत्या पाण्यात होडी उलटली की त्याच दोऱ्या पायाला गुंडाळतात.

५. आधी उलटून बघा

ही पायरी बहुतेक सगळे गाळतात. पोहायला परवानगी असलेल्या संथ पाण्यात, काठावर कुणीतरी असताना, कयाक मुद्दाम उलटी करा आणि परत चढा. नदीवर ज्या कपड्यांत आणि जॅकेटात जाणार त्याच वेशात.

चढण्याचा क्रम असा: होडी सुलटी करा. बाजूने मध्यावर या. पलीकडची कड हाताने धरा, पाय मागे जोरात मारा आणि पोटावर होडीवर या. मग कूस बदलून बसा, पाय शेवटी आत घ्या. सलग तीनदा न थांबता जमत असेल तर पुढे वाचा. जमत नसेल तर नदीचा बेत पुढे ढकला.

६. गाडी आणि निरोप

गाडी खाली, बाहेर पडायच्या जागी लावा आणि तिथून वर सोडायची सोय करा. बेंटनव्हिलच्या आसपास कयाक भाड्याने देणारे अशी ने-आण पैसे घेऊन करतात. आदल्या दिवशी फोन करून ठरवा. उलटं केलंत, म्हणजे गाडी वर आणि न्यायला येणारा खाली, तर दिवसभर घड्याळ बघत घाई होते. घाईत माणूस धोक्याच्या जागी उतरून बघत नाही.

घरच्या एका माणसाला लेखी मेसेज पाठवा: कुठून चढणार, कुठे बाहेर पडणार, गाडी कुठे, कयाकचा रंग, किती वाजता फोन येईल आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर ९११ ला कळवायचं. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ हा निरोप नव्हे.

७. पाण्यात उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं

रॉड हातात घेऊ नका. काठाजवळच्या संथ पाण्यात वल्हवा, दोन्ही बाजूंना वळा, मागे जा, उलट तोंड करून प्रवाहात होडी धरून बघा. आज पाणी किती ओढतंय हे हाताला कळलं पाहिजे. मग वल्ह्याचं पातं पाण्यात उभं बुडवा. पूर्ण पातं स्पष्ट दिसलं तर पाणी स्वच्छ आहे. अर्ध्यावर दिसेनासं झालं तर गढूळ. कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर होडी परत गाडीवर चढवा.

८. होडी थांबवा, मग गळ टाका

सगळा दिवस या पायरीवर उभा आहे.

स्मॉलमाउथ जोरदार धारेत उभा राहत नाही. तो धारेच्या कडेला, संथ पाण्यात राहतो आणि धारेतून वाहत येणारं खाणं टिपतो: क्रेफिश, बारके मासे, दगडाखालचे किडे. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकाला घासतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते, फेस तिच्यावरून जातो. ती रेघ शोधा. माशाला जी जागा सोयीची तीच तुमच्या होडीलाही: मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला पाणी उलटं वळतं आणि तिथे होडी जवळजवळ स्थिर राहते.

साऊथ फोर्कमध्ये खडकाच्या आडव्या पायऱ्या नदीभर पसरलेल्या आहेत. नवखा माणूस काय करतो? पायरी दिसली की वरूनच गळ फेकतो, फेकता फेकता तिच्यावरून वाहून जातो, आणि खाली पोचतो तेव्हा मासे होडीच्या सावलीने बिथरलेले असतात. त्याऐवजी असं करा:

पायरीच्या बरंच आधी रॉड आडवे ठेवून बांधा. पाणी कुठून सलग खाली उतरतंय ती वाट शोधा. दोन्ही बाजूंच्या खडकांमधून इंग्रजी व्ही आकाराची गुळगुळीत जीभ खाली टोक करून दिसते, तीच वाट. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड आहे. सरळ, वल्हवत खाली उतरा. उतरल्याबरोबर खडकामागच्या संथ पाण्यात वळा, नाक वरच्या दिशेला. होडी स्थिरावू द्या. मग रॉड.

आता गळ वरच्या दिशेला, पायरीच्या पायथ्याशी टाका आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्या. खाणं नेहमी वरून खाली येतं, मासा तिकडेच तोंड करून बसलेला असतो. ट्यूब (मऊ, पोकळ प्लॅस्टिकचं आमिष) तळाला टेकली की दोरात किंचित सैलपणा ठेवून तिच्या मागे रॉडचं टोक फिरवत राहा. मासा घेतो तेव्हा हाताला धक्का बसेलच असं नाही. बऱ्याचदा दोर पाण्यात शिरतो तो बिंदू थबकतो, किंवा दोन इंच आडवा सरकतो, एवढंच. त्या बिंदूवरून नजर हलवू नका.

एका पायरीवर तीन जागा तपासा: पायथ्याचं संथ पाणी, उतरणाऱ्या जिभेच्या दोन्ही कडा, आणि सकाळी पायरीच्या वरचा उथळ ओठ. वरच्या ओठावर जायचं तर उतरून चालत जा. होडी खडीवर पूर्ण ओढून घ्या. तिची दोरी कमरेला अजिबात बांधू नका.

*इशारा:* नांगर. धारेत नांगर टाकू नये, बाजूने तर मुळीच नाही. नांगर अडकला की पाणी होडीची कड दाबतं आणि होडी क्षणात उलटते. मंद पाण्यात सरकण्याचा वेग कमी करायला मागच्या टोकाला दोन फूट साखळी ओढत ठेवा, एका झटक्यात सुटेल अशा पकडीवर, आणि चाकू हाताशी.

९. आमिष

यावर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि याने सगळ्यात कमी फरक पडतो. उजाडल्यापासून ऊन पाण्यावर येईपर्यंत पाण्याच्या वरच्या थरावर आवाज करत चालणारं पॉपर किंवा बझबेट. नंतर तीन-साडेतीन इंची ट्यूब किंवा नेड रिग (छोट्या वजनदार हुकावरचं मऊ प्लॅस्टिकचं आमिष), हिरवट-तपकिरी रंगात, तळ गाठेल एवढंच वजन; जड हुक दगडांत अडकतो. पाणगवताच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या वाटांत वजनाशिवायचा पाच इंची सेन्को (गांडुळासारखं मऊ आमिष). पाणी थोडं गढूळ असेल तर स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष), काठाला चिकटून.

एका जागी सात-आठ फेकींत काही नाही घडलं तर आमिष बदलण्याआधी कोन बदला.

१०. मासा लागला की

मासा लागताच होडी त्याच्याकडे ओढली जाते. खाली जोरदार धार असेल तर रॉड एका हातात उंच धरून दुसऱ्या हाताने वल्ह्याचा एक फटका मारा आणि संथ पाण्यात राहा. धार ओढत असेल तर मासा सोडा. दोर सैल करून मासा सुटला तर काहीही बिघडत नाही.

मासा समोरून घ्या, मागे वळून नाही. डोकं होडीच्या मध्यरेषेवर राहिलं की तोल राहतो. हात ओला करा, खालचा जबडा अंगठ्याने धरा; मोठा असेल तर पोटाखाली दुसरा हात. फक्त जबड्यावर आडवा तोलू नका, जबडा दुखावतो. गळ पाण्यातच काढा. फोटो हवाच तर कॅमेरा आधी तयार ठेवा, मग मासा वर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ८० फॅरनहाइटच्या वर गेलं की मासा आधीच दमलेला असतो. त्याला पटकन ओढून पटकन सोडा, दुपारी तर थांबाच.

११. झाडं, दगड आणि कमी उंचीचे पूल

वळणाच्या बाहेरच्या काठाला पडलेली झाडं असतात. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस जात नाही. तिथे मासे असतात हे खरं, पण ते खालच्या बाजूने, दुरून धरायचे.

होडी दगडावर आडवी दाबली गेली तर अंग दगडाकडे झुकवा. मन उलट सांगतं, वरच्या बाजूला झुकायला, आणि तसं केलं की पाणी होडीत शिरतं.

पाण्यात पडलात तर धारेत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाय दगडांत अडकला की धार माणसाला पुढे पालथा पाडते आणि उठू देत नाही. पाठीवर, पाय पुढे आणि वर, तिरकं पोहत काठाकडे. होडी दोन्ही हातांना सहज लागली तर धरा, पण तुम्ही तिच्या खालच्या अंगाला नको, नेहमी वरच्या अंगाला राहा.

बेंटनव्हिलचा पूल अगदी पाण्यालगत आहे. वरच्या अंगाने कधी आलात तर त्याच्या बऱ्याच आधी काठाला लागा आणि होडी उचलून पलीकडे न्या.

१२. दुपार आणि बाहेर पडणं

उन्हाळ्यात दुपारी ढग भरून येतात. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर, रॉड खाली ठेवून, एकट्या उंच झाडापासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

शेवटचा मैल फक्त वल्हवण्यासाठी ठेवा. थकलेल्या हातांनी ‘अजून एकच फेक’ करत लँडिंग चुकवणारे बरेच आहेत. बाहेर आल्यावर रॉड आवरण्याआधी घरी फोन करा. रेंज नसेल तर गाडीत बसून पहिल्या रेंजच्या ठिकाणी थांबून करा, कारण पलीकडचा माणूस ठरलेल्या वेळेला ९११ लावणार आहे. मग होडीतलं पाणी आणि गवत तिथेच झटकून काढा, म्हणजे या नदीतलं काही पुढच्या तळ्यात जाणार नाही. वहीत तारीख, दोन्ही गेजचे आकडे, पाण्याचा रंग आणि मासे कुठल्या पायरीखाली लागले ते लिहा.